मास्तर मीच होणार

मी कॉर्नेट उत्तम वाजवत असे. हे पहिलंच वाक्य वाचून ज्यांच्या कपाळाला आठी पडली असेल त्यांनी सरळ पुढच्या लेखाकडे वळावं, कारण इथून शेवटपर्यंत माझा सूर हाच आहे.

या अंकाचे संपादक घरी आले तेव्हा म्हणाले, "तांबेकाका, बँडच्या धंद्यातले अनुभव लिहा. गिऱ्हाइकांचे किस्से लिहा. फक्त ‘मी’ जरा कमी ठेवा. आपल्या वाचकांना नम्र माणूस आवडतो." तरुण आहेत, आस्थेनं बोलत होते. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, "नम्र माणसाचं कॉर्नेट वरातीच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात नाही." ते हसले. मी विनोद केला नव्हता.

बँड सगळ्यांनी रस्त्यावर पाहिलेला असतो. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायकांची रांग आणि मध्ये घामाघूम वादक. आतून तो कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. गाण्याची चाल कॉर्नेट, म्हणजे छोटा पितळी कर्णा, पुढे नेतं. क्लॅरिनेट तिच्यावर नक्षी काढतं. युफोनियम नावाचं मोठं पितळी वाद्य खालून आधार देतं, आणि ढोल सगळ्यांचे पाय एकत्र ठेवतो. घरात वाजवलेला सूर भिंतींवरून परत येतो. रस्त्यावरचा सूर गेला तो गेला, त्यामुळे तो फेकावा लागतो. कॉर्नेटची वाटी ओठांवर दाबून धरायची, पावलांच्या हिशेबानं दम घ्यायचा आणि खड्डा आला तरी चाल सोडायची नाही. गिरगावात ट्रामचे रूळ ओलांडताना पाय अडखळला आणि वाटी दातांवर आदळली, तेव्हा माझा वरचा दात हलला. गाणं पुरं केलं, मग रक्त थुंकलो.

आमचा बँड भायखळ्याचा. मालक आणि मास्तर एकच, लॉरेन्स मास्तर. मूळचे गोव्याचे, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. नवीन सिनेमा लागला की इराण्याच्या हॉटेलात रेडिओखालचं टेबल धरून बसायचे आणि गाणं ऐकता ऐकता कागदावर पाच रेघांमध्ये सुरांचे काळे ठिपके मांडायचे. त्या ठिपक्यांवरून अख्खा बँड ते गाणं वाजवायचा.

मी डिलाईल रोडच्या चाळीतला. वडील, म्हणजे आबा, मिलमध्ये सूत कातायच्या रिंग खात्यात. कापड विणायच्या साचेखात्यात पगार बरा होता, पण तिथं धोट्याच्या भोकातून धागा ओठांनी ओढून घ्यावा लागे. आमच्या लोकांचे ओठ लागलेला धोटा दुसऱ्यांना चालत नसे, म्हणून आम्हाला त्या खात्याचा दरवाजा बंद. हे मला आबांनी सांगितलं तेव्हा मी शाळा सोडून मिलमध्ये चिकटायच्या बेतात होतो. मी मिलकडे गेलो नाही. भायखळ्याला गेलो आणि लॉरेन्स मास्तरांसमोर उभा राहिलो.

त्यांनी माझी हनुवटी धरून ओठ पाहिले, घोडा विकत घेताना दात पाहतात तसे.

"ओठ बरे हायत. शिकून काय करणार तू?"

"मास्तर होणार."

खोलीत बसलेले वादक खो खो हसले. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "फुंकायला येत नाय, आणि मास्तर?"

"फुंकायला तुम्ही शिकवणार ना."

त्यांनी मला ठेवून घेतलं. चाळीतली मुलं सकाळी व्यायाम करायची, मी सूर धरायचो. एकच सूर, ओठ बधिर होईपर्यंत.

बँडमध्ये माझ्याबरोबरच उमेदवारीला लागलेला दुसरा मुलगा दत्ता परब. लालबागचा, मूळ मालवणकडचा. क्लॅरिनेट असा वाजवायचा की ऐकणाऱ्याला आपल्या आयुष्यातलं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटावं. आणि स्वभाव असा की कुणी वाहवा केली तर हा बुटांकडे बघणार. "आपलं काय, मास्तर शिकवतात तसं वाजवतो." सगळ्या वादकांच्या तोंडी एकच, "दत्ताकडे बघ. एवढा हात असून कधी तोंड वर करत नाही."

आता पहिली परीक्षा सांगतो. गिरगावात एका वकिलांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांना सगळे बापूसाहेब म्हणत. गाण्याचे खरे शौकीन. वरात दारात आल्यावर त्यांनी बँड थांबवला आणि विचारलं, "कॉर्नेटवर कोण आहे?" मास्तरांनी मला पुढे केलं. बापूसाहेबांनी चष्मा वर केला.

"छान वाजवलंस. कुणाची कृपा?"

अशा वेळी काय बोलायचं ते ठरलेलं असतं. आपली कृपा, मास्तरांचा आशीर्वाद, देवाची इच्छा. मी म्हटलं, "रोज सकाळी सराव करतो. दुसऱ्या कडव्यात एक सूर घसरला, तेवढा सोडला तर चांगलं झालं."

बापूसाहेबांचं हसू होतं तिथंच थांबलं. ते मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगा हुशार आहे. पण त्याला जरा वाकायला शिकवा. विद्या विनयानं शोभते." त्यांना माझी जात ठाऊक होती का, ते मला सांगता येणार नाही. पण त्याच दारात थोड्या वेळापूर्वी त्यांचे व्याही स्वतःच्या तीन मुलांच्या डिग्र्या मोठ्यानं सांगत होते आणि सगळे माना डोलवत होते. त्यांना कुणी वाकायला सांगितलं नाही. त्या दिवशी मला कळलं की नम्रता सगळ्यांकडून सारखी मागत नाहीत.

परतताना मास्तर म्हणाले, "सख्या, एक ‘थँक यू’ बोलला असता तर तुझा काय जीव जात होता?"

"त्यांनी कृपा कुणाची विचारलं, मास्तर. वाजवलं तर मी होतं."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे. गिरणगावात सभा नाही असा आठवडा जात नसे. गोळीबार झाला, माणसं गेली, लग्नं पुढे ढकलली, आमचे लाल कोट खुंटीला लटकले. मी मोर्च्यांना जायचो. घोषणा तुम्हाला ठाऊक आहे. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. माझा जीव त्यातल्या ‘च’वर होता. झाला तर बरं होईल असं कुणी म्हणत नव्हतं. आमची लायकी असेल तर द्या, असंही कुणी म्हणत नव्हतं. बापूसाहेबसुद्धा मोर्च्यात होते, धोतराचा सोगा हातात धरून, गळ्याच्या शिरा फुगवून ओरडत. मला फार आवडले ते त्या दिवशी.

मग छपन्न साल आलं आणि नागपूरला दीक्षा झाली. आमची चाळ नवी झाल्यासारखी वाटत होती. देव्हारे रिकामे झाले, भिंतीवर नवी तसबीर आली. त्याच डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर जो समुद्र लोटला त्यात मी आणि आबा दोघेही होतो. त्याबद्दल मी लिहू शकणार नाही.

थोड्या दिवसांनी चाळीच्या पटांगणात आमच्या लोकांची बैठक भरली. प्रमुख शिवरामभाऊ, मोठा मानाचा माणूस, शब्दाचा पक्का. त्यांनी सांगितलं, "गावाकडची हीन कामं आपण सोडली. आता दुसऱ्याच्या दारात वाजवणंही बंद. कोकणातला आपला खालूबाजा बंद. कुणाच्या लग्नात ढोल नको, सनई नको, काही नको."

माना हलल्या. माझीही हलायला हवी होती, कारण भाऊंचं म्हणणं खोटं नव्हतं. खालूबाजात आबा सनई वाजवायचे. गावच्या लग्नात मांडवाबाहेर उन्हात उभं राहून वाजवायचं, आणि पंगती उठल्यावर जे उरेल ते पदरात घ्यायचं. दीक्षेनंतर आबा गावी गेले आणि सनई खाडीत सोडून आले. आम्हाला बोललेही नाहीत. आईनं सांगितलं.

तरी मी उभा राहिलो. "भाऊ, मी वाजवणं सोडणार नाही."

"का?"

"मी चांगला वाजवतो. आणि मला मास्तर व्हायचंय."

बैठकीत कुजबूज झाली. शिवरामभाऊ दुखावल्यासारखे म्हणाले, "सखाराम, समाज मान वर करायला निघालाय आणि तुला स्वतःच्या मोठेपणाचं पडलंय?"

"समाज म्हणजे एकेक मानच ना, भाऊ? माझी तेवढी खाली कशाला ठेवू? गावात बोलावलं की जावं लागायचं. इथं मी ठरवून जातो. नको वाटलं तर नाही म्हणतो."

"नाही म्हणून बघ, मग कळेल."

"म्हणून दाखवतो," मी म्हटलं आणि बसलो. बाजूला आबा होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. घरी आल्यावर मी विचारलं, "आबा, रागावलात?"

"मी कशाला रागवू?" ते पायांतल्या चपला काढत होते, मान खालीच. "तू बैठकीत तोंड वर करून बोललास. आमच्यात असं कोन बोलत नव्हतं."

"चुकलं का?"

"ठाव नाय," आबा म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढंच आलं, आणि ते खरं होतं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

भाऊंना दिलेला शब्द मला दादरच्या एका लग्नात पाळावा लागला. वरात संपली. पहिली पंगत उठल्यावर यजमानांच्या माणसानं आम्हाला मागच्या बोळात, मोरीजवळ बसायला सांगितलं. मी म्हटलं, "पंगतीत बसवा, नाहीतर जेवण नको." तो म्हणाला, "मोठा आला लाटसाहेब." मी कॉर्नेट पेटीत ठेवलं आणि निघालो. मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. दत्ता येत होता. त्याच्या मागून ढोलवाला, मग बाकीचे. भुकेले होते सगळे, आणि दादर ते भायखळा मला शिव्या घालत आले. पण आले. पुढच्या लग्नसराईपासून काम ठरवताना मास्तर स्वतःच सांगायला लागले, "माझी माणसं पंगतीत जेवतात."

सगळीच गिऱ्हाइकं तशी नव्हती. भायखळ्याच्या भाजी मार्केटमध्ये एक दलाल होते, सदाशेट. कांद्याबटाट्याचा व्यापार, आवाज कायम लिलावातला. एका जून महिन्यात ते धावत आले. "मास्तर, उद्या सकाळी बँड पाहिजे."

"लग्न?"

"लग्न नाय. माझी कुसुम मॅट्रिक झाली."

मास्तरांनी पुन्हा विचारलं, त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. मुलीच्या मॅट्रिकला बँड आम्ही कधी लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मार्केटमधून वाजवत निघालो. पुढे कुसुम, दोन वेण्या, गळ्यात झेंडूचा एवढा मोठा हार की हनुवटी दिसेना. मला वाटलं पोरगी लाजेनं मरत असेल. छे! ती ताठ चालली होती आणि दोन्ही बाजूंच्या गाळ्यांकडे बघून नमस्कार स्वीकारत होती. हातगाडीवाले हसत होते. एक व्यापारी मोठ्यानं म्हणाला, "सदाशेट, एवढा तमाशा? पोरीच्या जातीला इतकं चढवू नये!"

सदाशेट भर रस्त्यात थांबले. आम्ही वाजवणं थांबवलं. "तुझी पास झाली की तूही वाजव," ते ओरडले. "मी येईन नाचायला." आणि आमच्याकडे वळून, "थांबला कशाला? वाजवा!"

एवढ्या वर्षांत इतक्या मनापासून मी क्वचित वाजवलं असेल. हल्ली लोक विचारतात, तुमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? त्यांना एखादा नट किंवा मिलमालक ऐकायचा असतो. मी सदाशेटचं नाव सांगतो.

पुढे मास्तरांचे दात गेले. पितळी वाद्य वाजवणाऱ्याचे पुढचे दात गेले की कारभार आटोपला. ओठांना टेकायला मागे काही राहत नाही. एका दुपारी त्यांनी तालमीच्या खोलीत सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले, "मी आता गल्ल्यावर बसून हिशोब बघेन. पुढे कोण उभा राहणार?"

सगळे दत्ताकडे बघायला लागले. कुणी तरी म्हणालं, "दत्ताच. शांत माणूस आहे." दत्ता बुटांकडे बघत म्हणाला, "माझं काय, सगळे म्हणतील तसं. मला तशी काही इच्छा नाही."

"मला आहे," मी म्हटलं.

 युफोनियम वाजवणारा जुना माणूस म्हणाला, "असं स्वतःच्या तोंडानं सांगतात का? शोभतं का?" त्याला आणखीही काही बोलायचं होतं. ते तो माझ्यासमोर बोलला नाही, जिन्यात बोलला. मी ऐकलं.

मास्तरांनी मला विचारलं, "का पाहिजे तुला?"

"नवीन चाली मी तुमच्याइतक्या लवकर उतरवतो. ठिपके लिहिता येतात, वाचता येतात. वरात कुठं वळवायची ते कळतं. आणि मला पाहिजे आहे, मास्तर. ज्याला पाहिजे आहे तोच सकाळी लवकर येईल."

मास्तरांनी आपला ठिपक्यांच्या कागदांचा लोखंडी स्टँड माझ्यासमोर सरकवला. युफोनियमवाला दुसऱ्या बँडमध्ये गेला, त्याच्याबरोबर दोघं गेले. दत्ता राहिला.

दत्ताबद्दल इथंच सांगतो. खूप वर्षांनी, आम्ही दोघं म्हातारे झाल्यावर, लालबागला त्याच्या घरी बसलो होतो. वहिनी आत होत्या. दत्ता अचानक म्हणाला, "सख्या, मला हवं होतं रे."

"काय?"

"मास्तरपण. त्या दिवशी फार हवं होतं. मला वाटलं, मी नाही म्हणेन आणि मग सगळे आग्रह करतील. लहानपणापासून तसंच शिकवलेलं. तू आग्रहाला वेळच ठेवला नाहीस." आणि तो हसला. मी हसलो नाही. मला त्या दिवसाचा पश्चात्ताप नाही. पण असा क्लॅरिनेट वाजवणारा माणूस जन्मभर आग्रहाची वाट बघत बसला, याचा मला राग आहे. दत्ताचा नाही, शिकवणाऱ्यांचा.

मास्तर झाल्यावर माझ्या मनात एकच गोष्ट होती. बँड नेहमी चालत वाजवतो. लोक बोलत असतात, फटाके फुटत असतात, नवरदेवाचा घोडा मध्येच बिथरतो. आमचं वाजवणं कुणी बसून, गप्प राहून ऐकलेलं नव्हतं. मला सभागृहात कार्यक्रम करायचा होता. खुर्च्यांवर बसून, समोर स्टँड, आणि लोक फक्त ऐकायला आलेले. मी एक मार्चही, म्हणजे कूच करायची धून, रचला होता. हे मी कुणालाही सांगायचो. चहावाल्याला सांगितलं, शिवरामभाऊंनाही सांगितलं. बायको, सुलोचना, म्हणायची, "मनात ठेवावं माणसानं. नाही झालं तर लोक हसतील."

"हसू देत. न सांगता राहिलो तर मी स्वतःच फसवेन स्वतःला."

साठ सालच्या एप्रिलमध्ये सगळी मुंबई राज्याच्या जन्माच्या तयारीला लागली. गिरगावात एका समारंभाची समिती झाली, तिचे अध्यक्ष बापूसाहेब. त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "मिरवणुकीत पुढे तुमचा बँड हवा."

"आनंदानं वाजवू. पण मला रविवारच्या सभागृहातल्या कार्यक्रमात अर्धा तास हवा. मंचावर, बसून."

समितीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. एकजण म्हणाला, "तिथं गाणारे मोठमोठे लोक आहेत हो."

"म्हणूनच हवा."

बापूसाहेब समजावणीच्या सुरात बोलले. "तांबे, तुम्ही कलावंत आहात, मी नाकारत नाही. पण असं मागायचं नसतं. योग्यता असली की मान आपोआप चालत येतो."

मी खुर्चीवरून उठलो.  "बापूसाहेब, हा महाराष्ट्र आपोआप चालत आला का? मोर्च्यात तुम्ही माझ्या पुढे होता. झालाच पाहिजे म्हणून ओरडताना मी तुम्हाला बघितलंय. योग्यता असेल तर मिळेल म्हणून घरी बसलो असतो, तर आज ही समिती कशाला असती? अख्ख्या राज्यानं मागितलं ते चालतं, आणि एका माणसानं मागितलं की उद्धटपणा?"

 बापूसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग शेजारच्या चिटणिसांना म्हणाले, "वीस मिनिटं लिहा."

"तीस," मी म्हटलं.

"पंचवीस," बापूसाहेब म्हणाले, आणि मला वाटतं मिशीत हसले.

बसून वाजवणं आम्हाला येत नव्हतं, हे मला तालमीत कळलं. पाय चालत नाहीत म्हटल्यावर दम कुठं घ्यायचा ते कुणाला सुचेना. ढोलवाला तर बसल्या बसल्या पाय आपटायचा. पण रविवारपर्यंत जमलं. सकाळी सभागृहात पोचलो तर मंचावर पाहुण्यांच्या खुर्च्या, आणि आमच्यासाठी खाली, एका कोपऱ्यात सतरंजी. एक स्वयंसेवक म्हणाला, "वेळ कमी आहे. इथंच बसून दोन गाणी वाजवा, लोक येईपर्यंत."

मी तोंड उघडणार इतक्यात दत्ता क्लॅरिनेट घेऊन माझ्या बाजूनं पुढे गेला. पायऱ्या चढला आणि मंचावरच्या पहिल्या खुर्चीवर जाऊन बसला. स्वयंसेवक धावला. "अहो, ती पाहुण्यांची!"

दत्ता नेहमीसारखा बुटांकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "माझे गुडघे धरलेत हो. सतरंजीवर बसता येत नाही. माफ करा." आणि हलला नाही. त्याच्यामागून सगळा बँड वर चढला. पाहुणे आले तेव्हा त्यांच्यासाठी आतून आणखी खुर्च्या आणाव्या लागल्या.

निवेदकानं आमची ओळख करून दिली, "आता बँडपथक." एवढीच. पथकाला नाव नाही, मास्तराला नाव नाही. मी उभा राहिलो. समोर गच्च भरलेलं सभागृह, पुढच्या रांगेत रेशमी शालू आणि कोट. मी मोठ्यानं म्हटलं, "मी सखाराम तांबे, डिलाईल रोड. हे माझे सहकारी. सुरुवातीला वाजवणार आहोत तो मार्च मी स्वतः रचलेला आहे. चांगला आहे. नीट ऐका."

पुढच्या रांगांत हसू पसरलं. मागून कुणी तरी शिट्टी घातली, ती गिरणगावची होती. मी बसलो, वाटी ओठांना लावली आणि वाजवायला लागलो. आता छपराला लागून सूर परत येत होता. आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर मी मला ऐकत होतो. दत्तानं मधल्या भागात जी नक्षी काढली ती तालमीत त्यानं कधी काढली नव्हती. मार्च संपला. मग टाळ्या आल्या, मागच्या रांगांतून आधी, पुढून नंतर. पंचवीस मिनिटांची चाळीस झाली आणि आम्हाला कुणी उठवलं नाही.

बाहेर पडताना बापूसाहेब भेटले. माझा हात हातात घेतला. "उत्तम वाजवलंत, तांबे. मनापासून सांगतो. फक्त ते नाव स्वतः सांगायला नको होतं."

"तुम्ही सांगितलं असतं तर माझे श्रम वाचले असते," मी म्हटलं. त्यांनी हात सोडला नाही, मीही सोडला नाही. पण शब्द मी मागे घेतले नाहीत. आजही घेत नाही.

आबा आले होते. कुठं बसले होते ते मला मंचावरून दिसलं नव्हतं. सगळ्यात मागे, दाराशी, भिंतीला टेकून उभे होते म्हणे. खुर्ची रिकामी असूनही. आम्ही दोघं गिरगावातून चालत निघालो.  कसं झालं ते मी विचारलं नाही. मला कौतुक हवं होतं, हे लपवत नाही. पण आबांनी कधी कुणाचं केलं नव्हतं, स्वतःचं तर नाहीच. ते सनई कशी वाजवायचे हेही मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

बऱ्याच अंतरानंतर ते थांबले. "पुढल्या टायमाला मला पुढं बसव. मागनं तुजे गाल दिसत नव्हते."

"गाल कशाला बघायचे, आबा?"

"दम कुठं घेतोस ते गालांवर कळतं. त्या मधल्या जागी तू दम तोडलास."

"तिथं तोडावाच लागतो. एवढा लांब सूर कुणालाच धरता येत नाही."

आबा माझ्याकडे वळले. त्यांची मान ताठ होती, आणि ते एवढ्या मोठ्यानं बोलले की दुकानाच्या पायरीवर बसलेली माणसं बघायला लागली.

"मी धरला असता! गालात वारा भरून ठेवायचा आनि नाकानं दम घ्यायचा, सूर तुटत नाय. माज्यासारखी सनय सगळ्या तालुक्यात कोन वाजवीत नव्हता. कोन म्हंजे कोन नाय!"